रतनवाडीचा मुक्काम

रविवार

भंडारदऱ्याला येणारे बहुतेक प्रवासी शेंडी गावातच थांबतात, कारण धरणाची भिंत, हॉटेले आणि पाण्याकाठचे तंबू हे सगळे त्याच बाजूला आहे. मला त्याच्या पुढे जायचे होते. आर्थर लेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला, रतनगडावरून उतरणारी प्रवरा जिथे या पाण्याला पहिल्यांदा मिळते तिथे, अकोले तालुक्यातले रतनवाडी हे गाव आहे, आणि दिवाळीच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरल्यानंतरचा आठवडा मी मुद्दाम या गावासाठी राखून ठेवला होता. पावसाळ्यात आणि काजव्यांच्या दिवसांत इथे गाड्यांची रीघ लागते. भाताच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत मात्र पाहुण्यांकडे बघायला गावालाच सवड नसते, आणि मला नेमके तसेच गाव हवे होते.

इगतपुरीपर्यंत रेल्वे, तिथून घोटी, घोटीहून बारीमार्गे शेंडीला जाणारी एसटी आणि शेंडीहून जलाशयाच्या कडेकडेने जाणारी जीप असा प्रवास करून दुपार कलल्यावर पोहोचले. बारीच्या आसपास कळसूबाईचे शिखर ढगांतून मोकळे झालेले दिसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरांतले भात पिकून पिवळे पडले होते, आणि वरच्या उतारांवर, जिथे पाणी ठरत नाही तिथे, खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, फुलांचा त्याहून गडद पिवळा रंग पसरला होता.

ज्या घरी उतरले ते महादेव कोळी समाजातले कुटुंब आहे. दादा, वहिनी, शाळेत जाणारी दोन मुले आणि दादांची आई. घराच्या पुढच्या भिंती आता विटांच्या आहेत, पण मागची गुरांची पडवी अजून कारवीच्या कुडाची आहे आणि तिच्यावर शेणाचा लिंपा इतका नेटका आहे की बोट फिरवले तरी खडा लागत नाही. जीपच्या चालकाने, वहिनींनी आणि शेजारच्या ओट्यावरच्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, एकट्याच आलात?" आजींनी तर जेवताना सरळच विचारले, "घरी भांडूनबिंडून न्हाई ना आलीस?" नाही म्हणाल्यावर त्यांनी नागलीची, म्हणजे नाचणीची, आणखी अर्धी भाकरी पानात वाढली आणि तो विषय संपवला.

डोंबिवलीच्या घरात काही वर्षे माझ्या मनात एक दुसरे घर वाढत आले आहे. त्याला कौले आहेत, पडवी आहे, दारात तुळस आणि मागे विहीर आहे, दोन खाचरे आहेत आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर कुठेही जाण्याची घाई नाही. हे कुणाला सांगितले की ऐकणारा हसतो, किंवा निवृत्तीनंतर बघू म्हणतो. माझ्या लेखी ही थट्टेची गोष्ट नाही. माणसाने कसे जगावे याविषयीचा तो एक गंभीर विचार आहे, आणि गंभीर विचार जसा पडताळून पाहावा तसा तो पडताळून पाहायला मी इथे आले आहे.

सोमवार

पहाटेच्या दवाने अंगण भिजलेले होते. दादा-वहिनी उजाडताच शेतावर गेले आणि मी अमृतेश्वराच्या देवळाकडे निघाले. शिलाहारांच्या काळातले मानले जाणारे हे शिवमंदिर गावाच्या अगदी जवळ, झाडांच्या सावलीत आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचते आणि पिंडी पाण्याखाली जाते. आज तळ ओलसर होता आणि पुजाऱ्याने वाहिलेली दोन झेंडूची फुले तेवढी होती. देवळापासून थोड्या अंतरावर पायऱ्यांची पुष्करणी आहे. तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत मूर्ती बसवलेल्या आहेत आणि प्रत्येक कोनाड्याच्या डोक्यावर लहानसे शिखर कोरलेले आहे, जणू पाण्याभोवती देवळांची एक ओळ बसली आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे छायाचित्रे काढणाऱ्यांची रांग असते. आज एक कुत्रा सोडून कुणी नव्हते, म्हणून पायरीवर बसून प्रत्येक शिखर सावकाश पाहता आले.

तिथून जलाशयाच्या काठाशी गेले आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. एकांतात पहिला काही वेळ चांगला जात नाही, हे सांगितले पाहिजे. कचेरीतल्या अर्धवट राहिलेल्या पत्राला मी मनात उत्तर लिहीत होते, नंतर बहिणीशी झालेल्या एका बोलण्याची दुसरी बाजू मांडत होते. डोळ्यांसमोर एवढे पाणी असूनही ते दिसत नव्हते. पुढे केव्हातरी हे आतले बोलणे दमून थांबले, आणि तेव्हा काठाच्या चिखलात उमटलेले गुरांचे खूर, त्यात साचलेले पाणी आणि त्या पाण्यावर टेकून उठणारे चतुर दिसू लागले. एक ढोकरी इतका वेळ एकाच दगडावर उभी होती की ती उडाली तेव्हाच मला तिचा पत्ता लागला. पलीकडच्या काठावरून विळ्यांचा आवाज येत होता, आणि वारा पडला की कुणाचे तरी हसणेही येत होते.

हे पाणी इथले असले तरी इथल्यासाठी अडवलेले नाही. इंग्रजांच्या काळात, १९१० मध्ये या धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारे हे धरण खालच्या कोरड्या मुलखासाठी बांधले गेले, आणि संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागात उसाचे मळे उभे राहिले ते याच पाण्यावर. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना काढला, त्या प्रवरानगरच्या नावातही हीच नदी आहे. त्याच्याही खाली नेवाशाला, जिथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका पुरी केली, तिथेही हीच प्रवरा वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. इतक्या मोठ्या संसाराची नदी रतनवाडीत मात्र अजून ओढ्याएवढी आहे, आणि साडी घोट्याच्या वर धरून मी ती ओलांडली.

मंगळवार

काल पलीकडून ऐकलेले काम आज जवळून पाहायचे म्हणून दादांबरोबर शेतावर गेले. पाहत बसण्याची लाज वाटू लागली तेव्हा वहिनींनी एक जादा विळा हातात दिला.

सोंगणी दिसायला एकसुरी वाटते, पण हातात विळा आला की ती तशी राहत नाही. डाव्या हाताच्या मुठीत मावतील एवढीच ताटे धरायची, अंगठा वरच्या बाजूला ठेवायचा, विळ्याचे दाते ताटांच्या बुडाशी, जमिनीपासून चार बोटांवर टेकवायचे आणि एकाच ओढीत कापून घ्यायचे. ओढ अर्धवट राहिली तर ताटे हिसकली जातात आणि पिकलेले दाणे खाली झडतात. कापलेली मूठ खाली टाकताना लोंब्या एका बाजूला येतील अशी टाकायची, म्हणजे वाळल्यावर पेंढ्या बांधणाऱ्याचा वेळ जात नाही. वहिनी माझ्या शेजारच्या ओळीत होत्या, आणि मी एक मूठ टाकेपर्यंत त्या तीन टाकून पुढे गेलेल्या असत. त्यांच्या हालचालीत घाई कुठेच नव्हती. पायाचा एक ठेका, कमरेचा एक बाक आणि मनगटाचा एक हिसका असे ते काम चालले होते आणि त्याला कुठेही सांधा दिसत नव्हता.

शेतावर घरच्यांखेरीज वाडीतली पाच-सहा माणसे होती. आज यांचे शेत, उद्या त्यांचे, परवा आणखी कुणाचे, अशी ही सावड आहे, आणि तिच्यात मजुरीचा हिशेब पैशांत होत नाही. हळवे भात आधी पिकते, गरवे मागून येते, त्यामुळे सगळ्यांची सोंगणी एकदम अंगावर येत नाही आणि माणसे एकमेकांना पुरतात. या एका गोष्टीवर मी दिवसभर विचार करीत होते. माझ्या मनातल्या घराच्या चित्रात दोन खाचरे होती, पण त्या खाचरांत माझ्याबरोबर उभी राहणारी माणसे कुठेच नव्हती. दोन खाचरांचे भात एकटीने वेळेत सोंगता येत नाही. त्यात अवकाळी पाऊस आला तर उभे पीक आडवे होते, आणि मग शेजारी आहे की नाही यावर वर्षाचे धान्य ठरते.

दुपारी बांधावरच्या आंब्याखाली भाकरी, हुलग्याचे पिठले आणि खुरासणीची चटणी असे जेवण झाले. जेवताना दादांनी वर्षाचा क्रम सांगितला. उन्हाळ्यात पालापाचोळा, वाळके गवत आणि शेण पसरून रोपांच्या वाफ्यावर राब भाजायचा, म्हणजे तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. पहिल्या पावसाच्या सुमारास बी पेरायचे, आषाढात चिखलणी करून आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायची, श्रावण-भाद्रपदात बांध सांभाळायचे, आणि मग हे दिवस. उतारावर नागली आणि वरई, त्यांच्या जोडीला खुरासणी. मधल्या कोरड्या महिन्यांत गावातली बरीच माणसे नारायणगावच्या बाजूला बागायती शेतांवर कामाला जातात. हे शेवटचे वाक्य त्यांनी इतरांसारख्याच स्वरात सांगितले, पण इथल्या साध्या जगण्याचा हिशेब करताना ते वगळून चालत नाही.

संध्याकाळी आजींनी बियाण्याची मडकी दाखवली. काळभात आणि जिरवेल या भाताच्या जुन्या वाणांचे थोडे थोडे बी त्या दरवर्षी राखेत मिसळून ठेवतात. विकायच्या भातासाठी घरात संकरित बियाणे येते, कारण त्याचा उतारा जास्त पडतो, पण हे जुने वाण मोडू द्यायचे नाहीत असा त्यांचा हट्ट आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्याचा अभिमान आजींच्या बोलण्यात स्पष्ट होता. त्यांनी मूठभर काळभात माझ्या तळव्यावर ठेवले आणि दिव्यापाशी नेऊन एक दाणा नखाने सोलून दाखवला. टरफल काळपट आणि आतला तांदूळ पांढरा. "पोकळ दाना नखाखाली दबतो," त्या म्हणाल्या, "तसला बियान्यात ठेवायचा न्हाई." पुढचा बराच वेळ त्या तसे दाणे वेगळे काढत बसल्या आणि मीही त्यांच्याबरोबर बसले. त्या वेळात आम्ही जवळजवळ काहीच बोललो नाही.

बुधवार

पहाटे दादांच्या पुतण्याबरोबर रतनगडाकडे निघाले. गड १२९७ मीटर उंच आहे. वाट आधी प्रवरेच्या पात्राला बिलगून जाते, मग दाट रानात शिरते आणि ऊन जमिनीला शिवत नाही. हा सगळा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. हिरड्याची, जांभळाची झाडे आणि खाली कारवीची दाटी. कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारी वाट सोडून आम्ही शिड्यांकडे वळलो. लोखंडी शिड्या चढल्यावर दरवाजा लागतो आणि त्यापुढे गुहेत रत्नादेवीचे ठाणे आहे. प्रवरेचा उगम इथेच मानतात.

माथ्यावरच्या नेढ्याशी पोहोचल्यावर पुतण्या म्हणाला, "ताई, तुम्ही बसा, मी टाक्यावरून पाणी आणतो," आणि त्याने पुष्कळ वेळ लावला. त्याने तो मुद्दाम लावला असावा असे मला वाटते, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. कातळाला आरपार पडलेल्या त्या भोकात वारा एवढा होता की पदर सावरणे सोडून द्यावे लागले. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्यामागे कळसूबाई, दुसऱ्या बाजूला आजोबाचा डोंगर आणि एकदम तुटलेल्या कड्याखाली कोकण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा हा दगड आहे, आणि समोरच्या प्रत्येक कड्यावर ते आडवे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. तिथे माझ्या मनातले बोलणे आपण होऊन थांबले. कालच्या कष्टाने दुखणारी कंबर आणि समोरचे डोंगर या दोनच गोष्टी उरल्या होत्या, आणि त्या पुरेशा होत्या.

गुरुवार

आज आजींबरोबर गुरांमागे गेले. त्यांच्याकडे डांगी गुरे आहेत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ही जनावरे डांगाणातल्या, म्हणजे या डोंगरी पट्ट्यातल्या, मुसळधार पावसासाठीच जणू घडलेली आहेत. त्यांच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे पाणी अंगावर मुरत नाही, आणि खूर काळे व टणक असतात, त्यामुळे दगडांवर आणि चिखलातही ती चालू शकतात. गुरे पुढे आणि आम्ही मागे अशा टेकडीच्या खांद्यावर आलो आणि आजी एका सपाट खडकावर बसल्या. तो त्यांचा नेहमीचा खडक असावा, कारण गुरेही आपण होऊन तिथेच रेंगाळली.

मी एकटी का आले हे त्यांना आता नीट सांगितले. कुणाशी न बोलता, कुणाचे काही करायचे नाही असे काही दिवस हवे होते, असे म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, "मी सून व्हते तवा गुरांमागं जायाची मीच घाई करायची. घरात सासू, नणंदा, पोरं. हितं आलं की माजी मी." बोलून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसले आणि वासराला हाक मारली.

त्यांच्या त्या बोलण्याने या आठवड्यात पाहिलेले सगळे एका ओळीत आले. इथल्या बायकांना एकांतासाठी वेगळे दिवस काढता येत नाहीत, पण गुरांमागे, सरपण गोळा करताना, सोंगणीच्या ओळीत पुढे गेल्यावर, दाणे निवडताना त्यांना तो मिळतो आणि त्या तो ओळखून घेतात. शहरात माझे काम एका बाजूला आहे आणि शांतता दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंमध्ये दीड तासाची लोकल आहे. मला हवे असलेले साधे जगणे म्हणजे ही दोन टोके जिथे जवळ येतील असे जगणे आहे, हे मला या खडकावर बसून पहिल्यांदा स्वच्छ दिसले. कौले आणि पडवी त्यानंतरची गोष्ट.

आजींना माझ्या स्वप्नातले घर सांगितले. त्यांनी एकच विचारले, "पानी कितीपातूर पुरतं?" घाटघर-रतनवाडीच्या या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली अभेद्य कातळ असल्यामुळे बहुतेक पाणी वाहून जाते आणि वैशाखात वरच्या वाड्यांतल्या बायकांना हंडे घेऊन दूर उतरावे लागते. समोर एवढा जलाशय भरलेला असतो, पण तो पाइपाशिवाय वर चढत नाही. पाण्याचा प्रश्न आजींच्या तोंडी पहिला येतो तो त्यांनी आयुष्यभर डोक्यावर वाहिल्यामुळे, आणि गावात राहायला येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने तो पहिला विचारला पाहिजे.

इथेच एखादा तुकडा घ्यावा असा मोह रतनगडावरून उतरताना मला झाला होता. तो मोह मी इथेच सोडते आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे जाऊ शकत नाही, आणि ही तरतूद मला मनापासून योग्य वाटते. कायदा असूनही करारांच्या आणि भाडेपट्ट्यांच्या वाटांनी अशा जमिनी हातच्या जातात, हे सह्याद्रीत ठिकठिकाणी दिसते. माझ्यासारखीला एकांत मिळावा म्हणून आजींचा खडक कुणाच्या तरी कुंपणाआड जावा, असे साधे जगणे मला नको.

शुक्रवार

सकाळच्या जीपने निघाले. वहिनी आधीच सावडीवर गेल्या होत्या, आज शेजाऱ्यांच्या शेताची पाळी होती. दादांनी पैसे घेताना सोंगणीच्या दिवसाचे जेवण धरले नाही. विचारल्यावर म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही कामाला व्हता."

घोटीपर्यंतच्या एसटीत वहीत हिशेब मांडला. संगमेश्वर तालुक्यात वडिलांच्या नावाची थोडी जमीन आहे. सातबाऱ्यावर चुलत भावंडांची नावे आहेत, घराची मागची बाजू पडली आहे, आणि खाचरे बरीच वर्षे पड आहेत. एक चुलत भाऊ गावातच राहतो आणि स्वतःचे भात लावतो. त्याच्या पुढच्या आवणीला आठ दिवसांची रजा काढून जायचे, सावडीतली एक म्हणून उभे राहायचे, आणि मग पड खाचरांतले एक लावायला घेता येईल का ते त्यालाच विचारायचे. हळवे वाण कोणते आणि गरवे कोणते हेही तोच सांगेल. घराच्या दुरुस्तीचा विषय त्यानंतर काढायचा. पण या सगळ्याच्या आधी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, विहिरी सगळ्यांत खाली गेलेल्या असतात तेव्हा, गावी जाऊन आमच्या विहिरीत दोर सोडायचा आणि पाणी किती हात आहे ते मोजायचे.